दगडाचा वाटा

१८ नोव्हेंबर

आज सकाळी माझा खिळा गेला.

राज्यं जातात, सिंहासनं जातात, त्यांच्यावर जाडजूड ग्रंथ निघतात. कोइंबतूरच्या एका गल्लीत, गिरणीच्या दाराशेजारच्या खिळ्यावर एकोणीस वर्षं एक फडकं टांगलेलं होतं आणि आज ते कोपऱ्यातल्या पोत्यामागे सापडलं, याची दखल कोणी घेणार नाही. मी इतिहासात एम.ए. आहे. मी घेते. कोपरापर्यंत पिठाने माखलेले हात पुढे धरून मी सवयीने खिळ्यापाशी गेले आणि ते एका पांढऱ्या फळ्यावर आपटले. शेवटी पदराला पुसले. इतकी वर्षं गिऱ्हाइकांच्या पदरांवरून मी त्यांची अक्कल जोखत आले. आज वाटण घ्यायला आलेल्या टीचरअम्मांनी माझ्या पदराकडे बघितलं आणि काही बोलल्या नाहीत. फाशी झाली असती तर बरं.

फळा जावईबापूंचा. इनियन, आमच्या कयलचा नवरा, बंगळूरूला सॉफ्टवेअरमध्ये होता. दिवाळीला आले ते अजून आहेत. "नोकरी सोडली, आता स्वतःचं काही करायचंय," असं कयल सांगते. सोडली तर सोडली. दिवाळीला सासुरवाडीला येणारा जावई टेम्पोत सोफा आणि कपडे धुण्याचं मशीन घालून आणत नाही, एवढंच मला माहीत. मी काही विचारलं नाही. जावयाला विचारायचं नसतं, वाढायचं असतं.

फळ्यावर दोन रकाने होते. एकावर 'सेवा', दुसऱ्यावर 'उत्पादन'.

"अत्तै, आपला धंदा कोणता?" जावईबापूंनी विचारलं. सासूला आमच्याकडे अत्तै म्हणतात.

"गिरणी."

"नाही. सेवा! बायका तांदूळ-उडीद भिजवून आणतात, तुम्ही वाटून देता, त्या घेऊन जातात. म्हणजे तुम्ही काय विकता?"

"वाटून देते."

"वेळ विकता, वेळ! तुम्ही तापाने पडलात की धंदा पडला. आणि उत्पादन म्हणजे? पीठ आपलं, पाकीट आपलं, नाव आपलं. आपण झोपलेले असलो तरी पैसे येत राहतात."

आमचे नाचिमुत्तू, म्हणजे कयलचे अप्पा, पोत्याला टेकून डोळे मिटून होते. झोपेच्या खात्याला माणूस तर घरातच आहे, असं मी म्हणाले नाही. जावयासमोर म्हणायचं नसतं. म्हणून ही वही.

२१ नोव्हेंबर

सकाळी नवव्या इडलीवर जावईबापूंचा हात थांबला. मला वाटलं, पोट भरलं. तर नाही, कल्पना आली होती.

"अत्तै, हा स्वाद बंगळूरूत कुठे नाही. एरोडला आमच्या घरी नाही. हेच आपलं उत्पादन!"

नाचिमुत्तूंना ठसका लागला. मी त्यांना पाणी दिलं आणि डोळ्यांनी गप्प केलं.

एक गोष्ट इथे लिहिते, कारण बोलता यायची नाही. आमच्या घरात इडलीसाठी तांदूळ भिजत नाही, कधीच भिजला नाही. एकीचं वाटण काढलं की दगडाला आणि भांड्याच्या कडांना ओंजळभर पीठ चिकटून राहतं. ते दगडाचं. प्रत्येकीला ठाऊक असतं, कोणी मागत नाही. मी ते बोटांनी निपटून डब्यात काढते. टीचरअम्मांचा जुना तांदूळ, पोन्नुत्ताई आजींचे सालासकट उडीद, कोणाची मेथी, कोणाचे पोहे, बस ड्रायव्हरच्या बायकोचा रेशनचा तांदूळ, सगळं त्या एका डब्यात. आमच्या इडलीत अख्खी गल्ली असते.

आमचं आम्हाला काही वाटत नाही. पण जावई! ज्याच्यासमोर केळीच्या पानाचा शेंडा डावीकडेच ठेवायचा, जो उठेपर्यंत आपण बसायचं नाही, त्याला लग्न झाल्यापासून सहा वर्षं आम्ही दगडाची खरवड वाढतोय. आणि तो तिच्यावर कारखाना काढणार.

"सांगून टाक," दुपारी हे म्हणाले.

"तुम्ही सांगा. जावई तुमचा."

"पीठ तुझं."

त्यावर आम्ही दोघेही कामाला लागलो. म्हणजे मी कामाला लागले.

२६ नोव्हेंबर

जावईबापूंनी एक चपटा काटा आणलाय, त्यावर मेथीचा दाणासुद्धा मोजला जातो. "प्रमाण काय, अत्तै?"

"चारास एक," मी म्हणाले. कोणीही तेच म्हणालं असतं.

मग चारास एक झालं, साडेतीनास एक झालं, पोहे घालून, मेथी घालून, बर्फाच्या पाण्यात वाटून. रोज सकाळी खाऊन जावईबापू मान हलवतात. "चांगली आहे. पण ती नाही."

आणि ते खरं आहे. मी स्वतः निवडलेला तांदूळ, स्वतः पारखलेले उडीद, जीव लावून वाटलेलं पीठ. त्याची इडली खरवडीच्या इडलीपुढे उभी राहत नाही. हे लिहिलं नसतं तरी चाललं असतं.

दुपारी गिऱ्हाइकांची मतं घेणं झालं. पोन्नुत्ताई आजी पंचाहत्तरीच्या, तोंड पंचविशीचं. जावईबापूंनी त्यांना स्टुलावर बसवलं. "आजी, इडलीच्या बाबतीत तुमची सगळ्यात मोठी अडचण काय?"

"सून."

"म्हणजे... तयार पीठ मिळालं तर घ्याल?"

"तयार सून मिळते का बघ. पीठ माझं मी आणते."

जावईबापूंनी ते फळ्यावर लिहिलं: 'मनुष्यबळाची अडचण.'

४ डिसेंबर

निकाल लागला. वाटण बंद, पाकीट सुरू.

"दोन्ही करू की," हे म्हणाले. यांना वर्षातून एकदा शहाणपण सुचतं आणि ते कोणी ऐकत नाही.

"मामा, दोन्ही करणारा दोन्हीकडून जातो," जावईबापू म्हणाले. "सेवेत गिऱ्हाईक सांगेल तसं नाचायचं. एकीला जाड हवं, एकीला पातळ. उत्पादनात आपण ठरवायचं आणि जगाने घ्यायचं. निवडावंच लागतं."

जग घेईलच असं नाही, हे माझ्या जिभेच्या टोकावर होतं. तेवढ्यात कयलने मला स्वयंपाकघरात ओढलं. "अम्मा, त्याला हे एकदा करू दे ना. एकदाच." एवढंच म्हणाली आणि कांदा चिरत नसताना डोळे पुसले. ही मुलगी लहानपणापासून हट्ट करताना रडते. मी म्हटलं, बरं.

पण डाव टाकलाच. मार्गळी महिना लागला की आमच्याकडे कोणी नवं काही सुरू करत नाही, लग्न नाही की दुकान नाही. मी म्हणाले, "करायचंच तर मार्गळी लागायच्या आत करा, जावईबापू. नाहीतर पोंगलनंतर बघू." हिशोब असा, की दहा-बारा दिवसांत काही जमणार नाही आणि पोंगलपर्यंत भूत उतरेल. बंगळूरूच्या माणसांना अर्धवट गोष्टी वेळेवर बाजारात आणायचाच पगार मिळतो, हे मी विसरले.

संध्याकाळपर्यंत पाकिटं छापायला गेली. पाकीट बंद करायचं यंत्र हवं, म्हणून तीनपैकी दोन दगड विकायचे ठरले. पोल्लाचीचा एक माणूस बघून गेला. मार्गळीत तोही काही उचलणार नाही, पोंगल झाल्यावर नेणार. जाताना त्याने मोठ्या दगडावर थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारतात तशी. मला त्याचे हात आवडले नाहीत.

दगड गेले की उरलेल्या एकावर परत गल्लीचं वाटण सुरू करायचं म्हटलं तरी करता येणार नाही. हे फळ्यावर कुठल्याच रकान्यात नव्हतं.

१४ डिसेंबर

उद्घाटन. नारळ फोडला, कापूर लावला. पाकिटावर माझा फोटो.

मला विचारलं नव्हतं असं नाही. विचारलं होतं आणि मी नको म्हणाले होते, पण जरा हळू म्हणाले असणार. निळी रेशमी साडी, केसांत मल्लिगैचा गजरा, हातात डाव. वर लिहिलंय 'अत्तैंचा हात' आणि माझ्या हनुवटीखाली 'थंड जागी ठेवावे. चार दिवसांत संपवावे.'

यांनी ते चष्मा लावून वाचलं. "हे मला लग्नात कोणी सांगितलं नाही," म्हणाले.

दारावर 'वाटण बंद' ची पाटी लागली. बायका पातेली घेऊन आल्या, वाचून उभ्या राहिल्या. टीचरअम्मा म्हणाल्या, "मग आम्ही कुठे जायचं?" जावईबापूंनी त्यांना एकेक पाकीट फुकट दिलं. पोन्नुत्ताई आजींनी पाकीट उलटंसुलटं केलं. "मरगतम, तुला विकायला काढलं की काय गं?"

एक पाकीट धुऊन, पुसून कपाटात ठेवलंय. नमुना म्हणून लागतो.

१७ डिसेंबर

गिरणी शांत आहे. सकाळी सगळी पाकिटं भरून होतात, मग काही नाही. छान वाटतं. कोणाची सून, कोणाचं पोट, कोणाचा हप्ता, काही ऐकावं लागत नाही. आज तीनदा भाजी आणायला गेले. भाजीच चांगली मिळत नाही हल्ली.

बायका आता बसस्टँडमागच्या दुरैसामीकडे जातात. त्याच्या पिठात दाताखाली कचकच लागते. लागू दे.

२० डिसेंबर

थंडी पडलीय. निलगिरीकडून वारा येतोय आणि पीठ फुगत नाहीये. मार्गळीत पीठ आळसावतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, फळ्याला नव्हतं.

आज मला माझा जुना धंदा पहिल्यांदा समजला. आधी एखादीचं पीठ फुगलं नाही तर ती यायची आणि मी विचारायचे, "तांदूळ कुठला होता? मीठ कोणी कालवलं? हात गार असेल तुझा." ती मान खाली घालून जायची. तांदूळ तिचा, उडीद तिचे, मीठ तिचं, हात तिचा. मग चूकही तिचीच की! माझा फक्त दगड. एकोणीस वर्षांत माझी एकदाही चूक झाली नाही. सेवा सेवा म्हणतात ती हीच असणार.

आता बायका पाकीट नाकासमोर धरतात. "हे बघ. दगड आहे, दगड." आणि त्या ज्याच्याकडे बोट दाखवतात तो माझा चेहरा असतो, मल्लिगैसकट.

जावईबापूंना म्हणाले, "मीठ हाताने कालवायला हवं. हाताच्या उबेनं पीठ जागं होतं."

"अत्तै, हातमोजे घालूनच. पाकिटावर तसं लिहिलंय."

'अत्तैंचा हात', हातमोजा घालून.

२३ डिसेंबर

उपाय सापडला होता. कयलच्या लग्नातलं कपाट रिकामं करून त्यात जावईबापूंनी दिवे लावले. पाकिटं रात्रभर उबेत. सकाळी फुगलेली, गुबगुबीत, बघून समाधान वाटावं अशी. मग ती मारिअप्पनच्या किराणा दुकानात गेली आणि तिथे फुगायची थांबली नाहीत.

दुपारी मारिअप्पन स्वतः आला. त्याच्या शर्टावर पीठ होतं, चष्म्यावर पीठ होतं, आणि त्याच्या काखेतल्या मुरुगन देवाच्या कॅलेंडरवर, नेमका मोरावर, पिठाचा शिंतोडा होता.

"अक्का, मी फ्रीज उघडला फक्त."

"किती फुटली?"

"फुटली ती सुटली. बाकीची अजून फुगतायत. तुमचं तोंड असं झालंय," त्याने दोन्ही हातांनी भोपळा दाखवला. "माझी बायको म्हणते, अक्कांची तब्येत सुधारली."

जावईबापू त्याच्याबरोबर जाऊन त्याचा फ्रीज पुसून आले. स्वतः, गुडघ्यावर बसून, असं कयल म्हणाली. आल्यावर फळ्यासमोर उभे राहिले, लिहिलं काही नाही. मी कॉफी नेऊन ठेवली. ती तशीच निवली.

जावयाच्या पुढची कॉफी निवलेली बरी दिसत नाही, म्हणून पुन्हा करून नेली.

२८ डिसेंबर

सावकाश लिहिते, आज बरंच झालं.

सकाळी नाश्त्याच्या वेळेला रिक्षा थांबली आणि तिच्यातून विहीणबाई आणि व्याही उतरले. एरोडहून, न कळवता. लेकाचा कारखाना बघायला. विहीणबाईंच्या हातात माझं पाकीट होतं. कोणा नातेवाइकाने दाखवलं म्हणे. त्यांनी फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "फोटो चांगला येतो तुमचा."

आणि घरात पीठ नव्हतं. पाकिटांचं होतं ते आंबून उतू गेलेलं, त्याच्या वासाने मांजर उठून गेलं होतं. वाटण बंद, म्हणून दगडाचा वाटाही बंद. इडलीच्या पिठाच्या कारखान्यात व्याह्यांना घालायला चार इडल्यांचं पीठ नाही!

मी मागच्या दाराने पातेलं घेऊन निघाले. टीचरअम्मांनी दोन डाव घातले आणि दयाळूपणे काही विचारलं नाही, ते जास्त लागलं. बस ड्रायव्हरच्या बायकोने, सेल्वीने, "अय्यो, पाकिटावरच्या बाईला पीठ हवंय!" असं शेजारच्या तीन घरांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणून दीड डाव दिलं. पोन्नुत्ताई आजींनी दोन डाव दिले आणि विहीण बघायला स्वतःही मागोमाग आल्या. "चटणी आणते गं," हे कारण.

पानं मांडली, इडल्या वाढल्या. जावईबापूंनी पहिला घास घेतला आणि थांबले. दुसरा घेतला.

"अत्तै! हाच! हाच तो स्वाद! काय केलंत आज?"

"काही नाही. देवाची कृपा."

"देवाची कसली?" दाराशी बसलेल्या आजी म्हणाल्या. "आम्हा तिघींची. दोन डाव माझे, दोन टीचरचे, आणि त्या सेल्वीने हात आखडून दीड. आधी तुझी सासू मागायला यायची नाही, दगडातून निपटून घ्यायची. साऱ्या गल्लीची खरवड. सहा वर्षं तेच तर खातोयस की रे, राजा!"

 नाचिमुत्तू पूर्ण जागे होते.

विहीणबाईंनी हात पानावरून मागे घेतला. "खरवड? आमच्या इनियनला?"

"खरवड म्हणजे तशी नव्हे..." मी सुरुवात केली.

"कशी मग? आम्ही जावयाला दुसऱ्यांदा तापवलेलं सांबार वाढत नाही! तिकडे एवढी मोठी नोकरी. साहेबांनी घरून काम करायची मुभा दिली, तर दिवसभर ऑफिसचं करून हा उरलेल्या वेळात तुमच्या गिरणीसाठी राबतोय. आणि तुम्ही त्याला गावाचं उष्टंखरकटं घालता?"

उष्टं नव्हे, हे सांगायला मी तोंड उघडलं. आणि घरून काम कसलं, हेही विचारायला. जिभेवर शब्द तयार होते, चांगले धार लावलेले, सहा वर्षांचे साठलेले. कयल सांबाराच्या भांड्यात बघत होती, जणू तिथे कोणी बुडालंय. जावईबापू माझ्याकडे बघत होते.

ती नजर मला ओळखीची आहे. कधी कधी एखादी बाई तांदूळ घेऊन येते आणि भांड्याचं झाकण काढताना तिला स्वतःलाच कळतं की यात किडे आहेत. मागे रांग उभी असते. ती माझ्याकडे बघते: सगळ्यांसमोर बोलू नका. मी कधी बोलले नाही. पाणी बदलते, वर आलेलं हलकेच ओतून देते, वाटून देते.

"खरं आहे, विहीणबाई," मी म्हणाले. "त्यांचे साहेब तर त्यांना सोडायलाच तयार नाहीत. आमच्यासाठी एवढं करतात, आणि आमच्याकडून हे असं झालं. चुकलंच. दुसरं काही करून आणते."

का म्हणाले कोण जाणे. विहीणबाईंशी वाद घातला असता तर त्या दुपारच्या जेवणापर्यंत थांबल्या असत्या, म्हणून असेल.

 मग जावईबापूंनी पान माझ्याकडे सरकवलं. "दुसरं काही नको, अत्तै. याच दोन वाढा."

आजी म्हणाल्या, "आणि चटणी घे की. ती माझ्या एकटीची आहे."

२९ डिसेंबर

फळा पुसलेला होता. मी मनात हुश्श केलं.

दुपारी जावईबापू दगडापाशी येऊन उभे राहिले. कालबद्दल बोलतील असं वाटलं. मीही एक-दोन वाक्यं तयार ठेवली होती.

"अत्तै, हा दगडाचा वाटा... दिवसाला साधारण किती निघायचा?"

सुधारणा नाही.

"डबाभर," मी म्हणाले.

"आणि कोणी काय आणायचं ते रोज वेगळं?"

"रोज वेगळं."

"म्हणजे प्रमाण नाहीच." ते हसले. मग हसू आवरेना त्यांना. पोत्यावर बसून हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आणि ते पाणी हसू संपल्यावरही थोडा वेळ येत राहिलं. मी आत जाऊन उगाच भांडी वाजवली.

३० डिसेंबर

पोल्लाचीच्या माणसाचा फोन. जावईबापू अंगणात बोलत होते, मी खिडकीत तांदूळ निवडत होते. ऐकत नव्हते.

"नाही, दगड द्यायचे नाहीत... नाही हो, भावाचा प्रश्न नाही... सासू? छे. सासूबाई काही म्हणाल्या नाहीत. त्या कधीच काही म्हणत नाहीत." मग जरा थांबून, "तेच तर."

'तेच तर' म्हणजे काय? हे म्हणाले, "स्तुती आहे." यांना झोपेतून उठवून विचारलं की सगळं स्तुतीच वाटतं.

संध्याकाळी कयलने सांगितलं की इथल्याच एका पंपाच्या कारखान्यात कॉम्प्युटरच्या कामासाठी त्याने अर्ज केलाय. "एरोडला त्यानेच फोन करून सांगितलं, अम्मा. सगळं." मी विचारलं, सगळं म्हणजे काय? ती म्हणाली, "तुला ठाऊक होतं ना गं?"

"मला काय ठाऊक असणार? मला कोण काय सांगतं?" मी म्हणाले.

५ जानेवारी

परवा 'वाटण चालू' ची पाटी लागली. मार्गळीत नवं सुरू करायचं नसतं. पण हे काही नवं नाही, असा यांनी निर्वाळा दिला. या वर्षाचं शहाणपण पहिल्याच आठवड्यात. नवं वर्ष चांगलं दिसतंय.

सगळ्या आल्या नाहीत. वरच्या गल्लीतल्या चौघी दुरैसामीकडेच राहिल्या. त्याने आता दगडाला छिन्नीने टाकी लावून घेतली म्हणे, कचकच नाही. गेलेलं गिऱ्हाईक पाटी बदलून येत नाही, हेही कळलं. पण टीचरअम्मा आल्या, सेल्वी आली, आणि सगळ्यांच्या आधी पोन्नुत्ताई आजी, पातेलं कमरेवर.

"काय रे," जावईबापूंना म्हणाल्या, "निजून पैसे मिळवणार होतास ना? पहाटे कसा उठलास?"

"आजी, माझ्या झोपेचं दुकान चाललं नाही."

"सासऱ्याचं चाललंय बघ अजून."

पंपवाल्यांचं उत्तर यायचंय, तोवर जावईबापूंनी तिसरी कल्पना काढलीय. सेवा करायची आणि तिच्यातून जे उरेल तेच उत्पादन. दगडाचा वाटा सकाळीच दारात विकायचा, पानाच्या द्रोणात, त्याच दिवशी खायचा. नाव नाही, पाकीट नाही, फोटो नाही. फोटो नाही त्याचं मला काहीच नाही. वाईट हे, की कल्पना वाईट नाही. पहिले दोन दिवस सगळं हातोहात गेलं. परिणाम एवढाच, की आमच्या घरात पुन्हा पीठ नाही आणि आज मी जन्मात पहिल्यांदा आमच्यासाठी तांदूळ भिजत घातला.

आज टीचरअम्मांचं वाटून झालं तेव्हा जावईबापू फोनवर होते. मी दगड थांबवला, पीठ त्यांच्या डब्यात काढलं. मग बाजूंचं निपटलं, दगडाच्या बुडाचं निपटलं, बोट फिरवून कडेचं काढलं आणि तेही त्यांच्याच डब्यात घातलं. त्यांनी पाहिलं, झाकण लावलं, निघाल्या. सेल्वीच्या वेळेलाही तसंच. पण उसने दीड डाव म्हणजे दीड डाव, वरचं दगडालाच ठेवलं, ते आजींच्या वाटणात गेलं. मग आजींचं. त्यांचे सालाचे उडीद दगड सोडत नाहीत, चांगलं दाबून पुसावं लागलं.

आजींनी पातेलं उचललं आणि कमरेवर जरा तोललं.

"मरगतम, आज पीठ जास्त लागतंय हाताला."

"उडीद फुगले असतील तुमचे."

"या थंडीत?"

"निघा आता, मागे रांग आहे."

मागे कोणी नव्हतं. आजी गेल्या.

जावईबापू डबा घेऊन आले आणि दगडात वाकून बघितलं. दगड धुतल्यासारखा स्वच्छ होता. माझे हात मनगटापर्यंत पांढरे.

"आज वाटा निघाला नाही, अत्तै?"

"नाही."

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं, मग रस्त्यावरून सावकाश चाललेल्या आजींकडे. डब्याचं झाकण लावलं.

"उद्या निघेल," म्हणाले.